‘घोरताहेत’ म्हणजे श्वास चालू आहे?

रात्री अडीचच्या सुमारास सटाण्याकडच्या एका डाळिंबाच्या मळ्यातून फोन आला. बोलणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा. बाप ओट्यावर कोसळला होता.

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या एक ताई रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात कॉल घेतात. सुट्टीला घरी आल्या की गच्चीवर गप्पा होतात. हा कॉल त्यांनी नाव-गाव न सांगता मला सांगितला. त्यांनी विचारलं, “हाक मारल्यावर उठतात का?” “नाही.” “श्वास चालू आहे का?” पलीकडून नुसतं ‘ए’ असं काहीतरी तुटक आलं. ताईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लक्षात आलं की पोरगा “शे” म्हणतोय. अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. घाबरलेला माणूस शाळेतली मराठी विसरतो आणि आईच्या बोलीत बोलतो. बागलाण, कळवण, मालेगावकडून येणाऱ्या फोनवर हे नेहमीचंच.

तो ‘श’ गेला कुठे? साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पोहोचतो. बोलणं समजायला तो पुरतो, पण स, श, फ या वर्णांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वरच्या भागात असते आणि ती वाटेतच छाटली जाते. नव्या नेटवर्कवर पट्टा रुंद झालाय, पण मळ्यात रेंजची एकच काडी असेल तर त्याचा काय उपयोग? म्हणून कॉल घेणारी माणसं प्रत्येक पत्ता उलट वाचून दाखवतात. फोन करणारे यावर चिडतात. चिडू नये, एवढंच मी कळकळीने सांगेन.

मुलगा पुढे म्हणाला, “घोरी ऱ्हायना.” वडील घोरतायत. इथेच ताई सावध झाल्या.

हृदय अचानक बंद पडलं तरी मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र लगेच थांबत नाही. उरल्यासुरल्या ऑक्सिजनवर ते अधूनमधून एखादा झटका देतं. जबडा हलतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही. आपल्याकडे याला आचके म्हणतात. हृदय बंद पडलेल्या दहापैकी सुमारे चार जणांत सुरुवातीला ते दिसतात. घरच्यांना वाटतं, श्वास चालू आहे, गाडी येईपर्यंत थांबू. नाहीतर वाटतं, घरघर लागली, आता संपलं. दोन्ही समजुती घातक आहेत. आचके म्हणजे मेंदूत अजून धुगधुगी आहे आणि अशा माणसाला लगेच छातीवर दाब मिळाला तर त्याच्या जगण्याची शक्यता जास्त असते. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला ती शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पण फोनवर आचके ओळखायचे कसे? ताई म्हणाल्या, “बाळा, वडिलांनी श्वास घेतला की मला ‘आता’ म्हण.” मुलगा म्हणाला, “आता.” मग रातकिड्यांचा आवाज. ताई मनात आकडे मोजत होत्या. अकरापर्यंत आल्या तेव्हा पुन्हा “आता”. निरोगी मोठा माणूस स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे दर तीन ते पाच सेकंदांना एक. अकरा सेकंदांचं अंतर म्हणजे श्वास नव्हेच.

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला. तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. “माझ्याबरोबर मोज. एक, दोन, तीन, चार.” मध्येच पोरगा रडायला लागला. अशा वेळी डोकं एकावेळी एखादीच गोष्ट धरू शकतं. नवं वाक्य आलं की आधीचंही सुटतं. म्हणून शब्द बदलायचे नाहीत, आवाजही चढवायचा नाही. ताई तेच वाक्य म्हणत राहिल्या. चौथ्या वेळी मोजणी पुन्हा सुरू झाली.

पत्त्याचं दुखणं वेगळंच. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो, ११२ चा नवी मुंबईत किंवा नागपुरात. आपण पंचवटीतून घाईघाईत “मालेगाव स्टँडला या” म्हणतो. नाशिककराला ते गोदाकाठचं ठिकाण माहीत असतं. बाहेरच्याला शंभरेक किलोमीटरवरचं मालेगाव शहर आठवतं. मुंबई नाका मुंबईत नाही आणि गंगापूर रोडचा संभाजीनगरच्या गंगापूरशी काही संबंध नाही, हे तिकडे बसलेल्याला कसं कळावं? मोबाइल टॉवरवरून ठिकाणाचा अंदाज येतो, पण पेठ-सुरगाण्यात टॉवर इतके विरळ की तो अंदाज काही किलोमीटरांनी चुकू शकतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा वस्ती आणि शेवटी मारुतीचं देऊळ, असा क्रम लावला तर मिनिटं वाचतात.

त्या रात्री हेडसेटमधून कुत्री भुंकल्याचं ऐकू आलं, मग गाडीचं दार, मग एक मोठ्या माणसाचा आवाज, आणि फोन बंद झाला. त्या बापाचं पुढे काय झालं हे ताईंना कधीच कळलं नाही. या कामात ते बहुतेक वेळा कळत नाहीच. शेवट न कळलेले कॉल मनात साचत जातात आणि ताण, झोप उडणं, दचकणं असा त्रास होतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत याची नोंद आहे. ताईंनाही घरचा फोन वाजला की छातीत धस्स होतं.

त्या सांगून गेल्या त्या रात्री माझे वडील पलंगावर घोरत होते. मी दाराशी उभा राहून घड्याळ लावलं आणि प्रत्येक श्वासाला हळूच “आता” म्हटलं. मिनिटाला चौदा भरले.