भागाकार की बेरीज? आयपीएससी आणि आयडीपीए

टायमरचा बीप होतो, नेमबाज कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो आणि जागा बदलत पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर गोळ्या झाडत जातो. लांबून पाहणाऱ्याला आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) आणि आयडीपीए (इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्तूल असोसिएशन) या दोन संघटनांचे पिस्तूल नेमबाजीचे खेळ एकच वाटतात. फार तर जॅकेटवरून फरक कळतो, कारण आयडीपीएत पिस्तूल बहुधा कपड्याखाली झाकलेलं असतं आणि आयपीएससीत ते उघड्या पट्ट्यावर असतं. खरा फरक मात्र गुणांच्या हिशेबात आहे. एका खेळात भागाकार करतात, दुसऱ्यात बेरीज.

आयपीएससीत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात आणि जो आकडा येतो त्याला हिट फॅक्टर म्हणतात. टार्गेटवरच्या मधल्या ए भागाला 5 गुण, त्याबाहेरच्या सीला 3, डीला 1. जास्त जोराची काडतुसं वापरणाऱ्याला सीचे 4 आणि डीचे 2 मिळतात. एखादा फटका टार्गेटला लागलाच नाही तर 10 गुण वजा होतात, शिवाय तिथले 5 हुकलेले असतातच.

आयडीपीएत गुण मिळवायचे नसतात, सेकंद वाचवायचे असतात. लागलेल्या वेळेत प्रत्येक खराब फटक्याचा दंड मिळवला जातो. मधल्या भागात लागलं तर शून्य, त्याच्या बाहेर 1 सेकंद, त्याहून बाहेर 3, आणि टार्गेटच हुकलं तर 5. सर्वांत कमी बेरीज ज्याची, तो पहिला.

समजा सहा टार्गेटं आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या. पहिल्या नेमबाजाने 10 सेकंदांत 8 ए, 3 सी आणि 1 डी मारले. दुसऱ्याने 13 सेकंद घेतले, पण बाराही ए. आयपीएससीच्या हिशेबाने पहिल्याचे 50 भागिले 10 म्हणजे 5, दुसऱ्याचे 60 भागिले 13 म्हणजे सुमारे 4.6. पहिला जिंकला. दोन्ही खेळांची टार्गेटं हुबेहूब सारखी नसतात, पण हेच फटके आयडीपीएच्या पट्टीने मोजले तर पहिल्याचे 10 अधिक 6 म्हणजे 16 सेकंद होतात आणि दुसऱ्याचे 13च राहतात. इथे दुसरा जिंकतो.

एवढं ऐकून ‘आयपीएससी म्हणजे वेग, आयडीपीए म्हणजे नेम’ असं सरसकट म्हणून टाकतात. मुरलेल्या खेळाडूंच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, नवख्याला मात्र लागू पडत नाही. भागाकारात एका सेकंदाची किंमत ठरलेली नसते, ती तुमच्याच हिट फॅक्टरवर अवलंबून असते. ज्याचा हिट फॅक्टर 10 आहे, त्याचा ए हुकून सी झाला तर गेलेले 2 गुण भरून काढायला 0.2 सेकंद लवकर संपवलं की पुरतं. ज्याचा 2 आहे, त्याला त्याच चुकीसाठी पूर्ण 1 सेकंद वाचवावा लागतो. म्हणजे आयडीपीएत जेवढा दंड बसला असता, नेमका तेवढाच! टार्गेट हुकलं तर हिशेब आणखी वाईट, कारण 15 गुणांची तूट भरायला त्याला 7.5 सेकंद लवकर संपवावं लागेल. आयडीपीएत हीच चूक 5 सेकंदांत भागली असती. वेगाचा समजला जाणारा खेळ हळू नेमबाजाला जास्त कडक शिक्षा करतो, आणि हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

दोन्हींचं मूळ एकच. आयपीएससीची स्थापना 1976 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात झाली आणि अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग ही तिन्ही तोलायची, हे तिचं ब्रीद. पुढे खेळाडू जिंकण्यासाठी खास स्पर्धेपुरतीच पिस्तुलं आणि होल्स्टर बनवून घेऊ लागले. रोजच्या वापरातलं पिस्तूल आणि स्वसंरक्षणाचे प्रसंग यांकडे परत यावं, या विचाराने 1996 साली आयडीपीए निघाली. संस्थापकांपैकी बिल विल्सन स्वतः आयपीएससीचे खेळाडू होते.

नियमांतला फरक या इतिहासातून येतो. आयपीएससीत सुरुवात कशी करायची आणि कोणत्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही एवढं सांगतात. कोणतं टार्गेट आधी, कुठून, मॅगझीन (पिस्तुलातली गोळ्यांची पेटी) कधी बदलायचं, हे तुम्ही ठरवायचं. लांब स्टेजमध्ये, म्हणजे टार्गेटांच्या एका मांडणीत, 32 गोळ्यांपर्यंत मजल जाते, त्यामुळे आधी स्टेज फिरून पाहायला मिळणारी काही मिनिटं फार मोलाची. आयडीपीएत एका फेरीला 18च्या वर गोळ्या नसतात, पण पाळायचे नियम जास्त. आडोसा असेल तर त्याच्या आडूनच मारायचं, टार्गेटं ठरलेल्या क्रमाने घ्यायची, गोळ्या शिल्लक असलेलं मॅगझीन जमिनीवर टाकून पुढे जायचं नाही. नियम मोडला की 3 सेकंद.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा आयडीपीए सोपं वाटतं, कारण क्रम आयता मिळतो आणि डोकं ट्रिगरवर ठेवता येतं. ज्याला कोडी सोडवायला आवडतात तो मात्र आयपीएससीतच रमेल. जवळच्या रेंजवर एकच प्रकार चालत असेल तर तोच निवडावा, त्यात काही बिघडत नाही. पिस्तुलाचा परवाना अवघड असेल तिथे आयपीएससीचाच ॲक्शन एअर हा एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या छर्‍यांच्या पिस्तुलांचा प्रकार चालतो का, ते विचारावं.

सामानावर आधीच पैसे उधळू नयेत. आयपीएससीच्या प्रॉडक्शन विभागात फारसे बदल न केलेलं पिस्तूल चालतं आणि तिथे सगळ्यांचे गुण कमी जोराच्या काडतुसांच्या हिशेबानेच मोजतात, म्हणून जास्त धक्का देणाऱ्या काडतुसांचा फायदा नाही. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारं घट्ट होल्स्टर, मजबूत पट्टा, जादा मॅगझीन आणि त्यांचे पाऊच, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ एवढं पुरतं. आयडीपीएसाठी वरून एक सैल जॅकेट.

सुरक्षेच्या बाबतीत निवड करायला जागाच नाही. अधिकाऱ्याने सांगेपर्यंत पिस्तूल रिकामं आणि होल्स्टरमध्ये. आयपीएससीत या अधिकाऱ्याला रेंज ऑफिसर म्हणतात, आयडीपीएत सेफ्टी ऑफिसर. धावताना किंवा मॅगझीन बदलताना बोट ट्रिगरबाहेर. नळीचं तोंड सुरक्षित दिशेबाहेर गेलं, पिस्तूल हातातून पडलं किंवा नको तिथे गोळी सुटली, तर दोन्हींकडे त्या मॅचपुरता खेळ संपतो आणि नवखा म्हणून सूट मिळत नाही. सेफ्टी एरिया या राखीव जागेत रिकामं पिस्तूल हाताळता येतं, पण तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, नकली काडतुसालाही नाही. नवे लोक बहुधा इथेच बाद होतात, तेही एकही गोळी न झाडता.

पहिल्या मॅचला आपण नवे आहोत हे अधिकाऱ्याला आधीच सांगावं आणि आपल्या गटात शेवटी नंबर मागावा. तोवर इतरांच्या टार्गेटांवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायला हात लावावा. कोणाचे फटके कुठे बसले आणि टायमरने किती वेळ दाखवला, हे तिथे सगळ्यांत जवळून पाहायला मिळतं.