संग्रहालयातली इरोक्वॉय पळी किती जुनी?

संग्रहालयातल्या इरोक्वॉय (त्यांच्याच शब्दांत हॉडनोशोनी) या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या लाकडी पळ्या आणि वाडगे म्हणजे गोरे येण्याआधीच्या, दगडी हत्यारांनी कोरलेल्या वस्तू, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. बहुतेक नमुन्यांना तो लागू पडत नाही. लाकूड मातीत कुजतं. त्या काळातलं फारसं हाती लागतच नाही. आज दिसतात त्यातल्या बऱ्याचशा पळ्या अठराव्या ते विसाव्या शतकातल्या, लोखंडी पात्यांनी कोरलेल्या.

काही तर मागणीवरून घडवलेल्या आहेत. 1849-50 च्या सुमारास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी न्यूयॉर्क राज्यासाठी संग्रह जमवला, तेव्हा टोनावांडा इथल्या सेनेका (इरोक्वॉयांपैकीच एक) जमातीच्या पार्कर कुटुंबाने त्यांना मोलाची मदत केली. 1911 मध्ये राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या आगीत त्यातलं बरंच जळालं. पुढे 1935 ते 1941 या मंदीच्या वर्षांत, त्याच घराण्यातले आर्थर पार्कर रॉचेस्टरच्या संग्रहालयाचे संचालक असताना, सेनेका कारागिरांना सरकारी पैशातून पगार देऊन पाच हजारांच्या आसपास वस्तू करवून घेतल्या गेल्या.

म्हणून त्या नकली ठरतात का? अजिबात नाही. हात त्यांचेच, घडणही त्यांचीच. मेपलची पळी बाजूने बघा: खोलगट, रुंद तोंड, दांड्याच्या टोकाला पक्षी किंवा प्राणी, आणि मागे हुकासारखा बाक. वाडग्याच्या काठावर टेकवली की पळी रश्शात घसरत नाही. नुसती शोभा म्हणून कोणी एवढा खटाटोप करत नाही.