ल्योंमध्ये दोन रात्री कशासाठी?

"पॅरिसचा एक दिवस कापून हे ल्यों कशाला?" आमच्या फ्रान्स सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. फोनवर उत्तर देताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे पत्रक. (तिकिटावरचं स्पेलिंग बघून 'लिऑन' म्हणावंसं वाटेल, तिथे मात्र 'ल्यों' म्हणा.)

घरातली सोलापुरी चादर जरा हातात घ्या. त्यावरची नक्षी ज्या जॅकार्ड मागावर उतरते, त्याला नाव मिळालं ते ल्योंच्या जोझेफ-मारी जाकार यांचं. १८०४ च्या सुमारास त्यांनी मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा: भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. क्रुआ-रूस टेकडीवर 'मेझों दे कानू' या छोट्या संग्रहालयात असा हातमाग चालवून दाखवतात. कानू म्हणजे तिथले रेशीम विणकर. त्यांचे माग इतके उंच असत की टेकडीवरच्या घरांची छतं चार-चार मीटरवर आहेत. १८३१ मध्ये विणाईचा ठरलेला दर काही व्यापाऱ्यांनी नाकारला, तेव्हा याच कानूंनी बंड करून शहर काही दिवस ताब्यात ठेवलं. मग सैन्य आलं आणि दर रद्द झाला.

रोमनांनी हे शहर वसवलं ते इ.स.पू. ४३ मध्ये. फुर्व्हिएर टेकडीवर त्यांचं नाट्यगृह अजून आहे, तिथल्या पायरीवर बसायला पैसे लागत नाहीत. खाली, सोन नदीकाठच्या जुन्या ल्योंमध्ये, 'त्राबूल' बघायचे. वाड्याच्या पुढच्या दारानं शिरून मागच्या बोळात निघावं, तसे हे घरांच्या पोटातून जाणारे रस्ते. र्‍यू सें-जाँवरच्या ५४ नंबरच्या दारातून आत गेलात की र्‍यू द्यू बफवरच्या २७ नंबरला बाहेर पडता. आत लोक राहतात, तेव्हा आवाज हळू ठेवा.

शहरातल्या मोंप्लेझिर भागात, सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची शेड जपून ठेवली आहे. १८९५ मध्ये याच कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी पन्नासेक सेकंदांच्या चित्रपटात टिपले. पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, ल्युमिएरांची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. आमच्या मते हे ठिकाण आयफेल टॉवरच्या तोडीचं आहे. वाद घालायची तयारी आहे!

आता जेवणाचं. 'बुशों' म्हणतात त्या पारंपरिक खाणावळींत डुकराच्या आतड्यापासून सगळं मिळतं. शाकाहारी मंडळींनी 'सेर्व्हेल द कानू' मागवा. नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू' असला तरी घाबरू नका, ते ताजं चीज, कांदा आणि हिरव्या पाल्याचं मिश्रण असतं. केनेल म्हणजे तिथले मऊ, लांबट गोळे; त्यांत मात्र बहुधा मासा असतो. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते, म्हणून साडेबाराला टेबलावर बसा.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं दोन तास. शहरात मेट्रोची 'डी' लाइन जुन्या ल्योंला आणि ल्युमिएरांकडेही नेते. तिला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे अगदी पुढच्या काचेशी उभं राहता येतं. ती जागा नातवंडांसाठी सोडाल तर बरं. ८ डिसेंबरच्या दिव्यांच्या सणाला जायचं असेल, तर हॉटेलसाठी फार आधी सांगा.