पट्ट्याला रंग आला कुठून?

बेळगावात रविवारी सकाळी कराटेची बेल्ट परीक्षा असली की हॉलच्या दारात चपलांचा खच पडतो. आत मराठी-कन्नड घरांतली पोरं 'इची, नी, सान, शी' असं जपानीत मोजत ठोसे मारत असतात. नवा पट्टा कडक, त्यामुळे गाठ बसत नाही आणि दोन टोकं काही केल्या सारखी येत नाहीत. अशात नातवाला सोडायला आलेले तालमीतले एखादे आजोबा विचारतात, "ह्यात चितपट कोण झालं?"

प्रश्न अगदीच अडाणी नाही. आपल्याकडेही पायऱ्या होत्याच, फक्त रंग नव्हते. जत्रेच्या मैदानात बारकी पोरं नारळावर नाहीतर रेवड्यांवर लढायची. नाव झालं की इनाम वाढायचं, आणि नशिबात असेल तर एक दिवस एक नंबरची कुस्ती. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातल्या मैदानाचा विषय निघाला की आजही आधी एक नंबरला कोण, हेच विचारतात. सर्टिफिकेट कुणी देत नसे. आखाड्याभोवती बसलेलं पब्लिक हाच परीक्षक.

जपानातही पूर्वी पट्टे नव्हते. गुरू शिष्याला हस्तलिखित गुंडाळी द्यायचा. टप्पे मोजके आणि दोन टप्प्यांत वर्षं जायची. हे बदललं जिगोरो कानो या पेशाने शिक्षक असलेल्या माणसाने. 1882 मध्ये त्यांनी ज्युदोची कोदोकान संस्था काढली, आणि 'गो' या पटावरच्या खेळात खेळाडूंच्या दर्जासाठी वापरत असलेली 'दान' ही श्रेणी उचलली. 1883 मध्ये सायगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोन शिष्यांना पहिला दान मिळाला. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. पांढरा पट्टा न धुता घामाने काळा होत गेला, ही गोष्ट क्लासात हमखास सांगतात. कानोंसारखा शिस्तीचा मास्तर असला कळकटपणा चालवून घेईल हे मला पटत नाही.

कराटे मुळात जपानच्या दक्षिणेकडल्या ओकिनावा बेटाचं. तिथले इतोसु आन्को यांनी 1905 च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी सोप्या 'पिनान' काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली, बसवल्या. शोतोकान या कराटेच्या शैलीतले लोक त्यांनाच 'हेइआन' म्हणतात आणि पहिल्या परीक्षांना आजही त्याच लागतात. ओकिनावाचेच कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये टोकियोत गेले, कानोंच्या कोदोकानमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं, आणि 1924 मध्ये कानोंचीच पद्धत घेऊन आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले.

मधले रंग मात्र युरोपात रुजले. 1935 मध्ये पॅरिसला गेलेल्या कावाइशी या ज्युदो शिक्षकाने पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी उतरंड तिथे रूढ केली. वर्षानुवर्षं पांढऱ्यावर अडकलेला विद्यार्थी कंटाळून सोडून जातो. दर काही महिन्यांनी हातात काहीतरी पडलं की टिकतो. फीचं गणितही त्यात आलंच.

आपल्याकडे कराटे आलं ते हे सगळे रंग घेऊनच. रंगांचा क्रम शैलीगणिक बदलतो, म्हणून खानापूरचा क्लास सोडून बेळगावच्या दुसऱ्या शैलीत गेलेल्या पोराला कधीकधी पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. परीक्षेचे भाग साधारण तीन: किहोन म्हणजे मूळ हालचाली, काता आणि कुमिते म्हणजे जोडीची झुंज. परीक्षक पवित्रा, तोल, नजर बघतो. कुमितेत कोण जिंकलं यावर निकाल अडत नाही.

त्यामुळे कुमितेत मार खाल्लेलं पोरही पिवळा पट्टा घेऊन हसत बाहेर येतं, आणि चपला शोधता शोधता आजोबांना ते समजावत बसतं.