इंजिन बरं झालं, सायलेन्सर अजून खोकतोय

मामेभावाने मागच्या पावसाळ्यात आपल्या जुन्या पेट्रोल गाडीचं रिंग-पिस्टनचं काम करून घेतलं. बिल चांगलंच जाड झालं. गाडी घरी आली, दहा मिनिटं चालू ठेवली, आणि मागून पुन्हा तोच निळा धूर. त्याने मेस्त्रीला फोनवर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मेस्त्री मात्र शांत होता. "दादा, इंजिन नवं झालंय, सायलेन्सर जुनाच आहे. त्याने वर्षभर प्यायलेलं तेल बाहेर पडायला नको का?"

मेस्त्रीचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजली की इंजिन ऑइल जिथे फक्त पेट्रोल जळायचं तिथे शिरतं. त्यातलं काही जळतं, बाकीचं वाफ होऊन एक्झॉस्टमध्ये जातं. इंजिनाच्या तोंडाशी हा वायू ६०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, पण गाडीखालच्या लांब पाइपातून मागे येईपर्यंत बराच निवतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, जेमतेम १००-१५० अंशांवर असतो. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ धरते, तसं तेल त्या पत्र्याला धरतं आणि सखल कोपऱ्यात साचतं.

डब्याची रचनाही याला हातभार लावते. आत छिद्रं पाडलेल्या नळ्या, आडव्या भिंती आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांच्यावर आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना खोडतात. काही डब्यांत नळ्यांभोवती काचेची किंवा बेसॉल्ट दगडाची लोकरही भरलेली असते. ही लोकर तेल असं शोषून घेते की समईची वात बरी.

आता त्या धुराच्या रंगाविषयी, कारण निदान तिथूनच सुरू होतं. डबा तापला की साचलेलं तेल हळूहळू उडतं आणि बाहेरच्या गार हवेत त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. यातले बरेचसे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. इतके बारीक कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं ते असल्याच विखुरण्यामुळे. पाण्याच्या वाफेचे थेंब मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून थंडीतल्या सकाळचा धूर पांढरा दिसतो. त्याला घाबरायचं कारण नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं.

तेल काढायचं कसं? पहिला सल्ला हमखास कॉस्टिक सोड्याचा येतो. साबण करताना खोबरेल तेलाचं जे होतं तेच इथेही होईल, असा त्यामागचा समज. पण खोबरेल तेल हे एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल सांधून बनलेलं, कॉस्टिक त्याचे तुकडे करतो आणि साबण बनतो. इंजिन ऑइल बहुतांशी हायड्रोकार्बनचं, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचं, त्यात तोडायला एस्टरचा सांधाच नाही. जुन्या, करपलेल्या तेलात थोडी आम्लं तयार झालेली असतात, तेवढ्यांवर कॉस्टिक चालतो. उलट गाड्यांच्या बऱ्याच सायलेन्सरचा पत्रा गंजू नये म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. कॉस्टिक तो खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. म्हणजे तेल राहिलं आतच, मुलामा मात्र गेला. गरम पाणी आणि ग्रीस काढणारा डिटर्जंट त्यापेक्षा बरा. त्याचे रेणू एका टोकाने तेल धरतात, दुसऱ्याने पाणी. तरी डबा खाली उतरवावा लागतो, खूप वेळा खळबळावा लागतो, आणि लोकरीत शिरलेलं पाणी निघता निघत नाही. धुतलेलं काळं पाणी गटारात ओतू नये, वापरलेल्या तेलात कर्करोगकारक द्रव्यं असतात.

दुसरा सल्ला पेट्रोलने धुण्याचा. पेट्रोल तेल उत्तम विरघळवतं, आणि तीच पंचाईत आहे. पेट्रोलच्या वाफा उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतात, आणि हवेत त्या दीड टक्का असल्या तरी पुरतात. असा डबा वेल्डिंगला नेला किंवा गाडीला लावून स्टार्टर मारला, तर तो बॉम्बच समजा. रॉकेल थोडं सौम्य, पण तापलेल्या डब्यात तेही नको.

जुने लोक इथे स्कूटरचा दाखला देतात. १९७२ साली आलेल्या चेतकच्या काळात पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, त्यामुळे सायलेन्सर कोळशाने बुजायचा. मग तो काढून जाळात टाकायचा, लाल झाला की लाकडाने ठोकायचा, खपल्या पडायच्या. गाडीच्या डब्याला हा उपाय चालत नाही. त्यात लोकर असू शकते, कप्पे वेल्डिंगने बंद असतात, सुटलेल्या खपल्या आतच फिरत राहतात.

मग उरते उष्णताच, पण बेताची. इंजिन ऑइलमधून पेट घेण्याइतक्या वाफा सुटायला २०० अंशांच्या वर जावं लागतं, पण नुसतं उडून जायला त्याहून कमीही चालतं, फक्त वेळ लागतो. जागेवर उभी राहून गुरगुरणारी गाडी डब्यात पुरेशी उष्णता पोचवतच नाही, महामार्गावरची गाडी पोचवते. काळी काजळी मात्र आतच राहते. ती जळायला सुमारे ६०० अंश हवेत. राहू द्यावी, ती धूर करत नाही.

एक गोष्ट खरोखर काळजीची. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर डब्याच्या आधी बसवलेला असतो. तेलातल्या झीज रोखणाऱ्या रसायनात जस्त आणि फॉस्फरस असतात, आणि फॉस्फरस कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर थर चढवून त्यांना निकामी करतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर १९९५ पासून सक्तीचा झाला. तेल पिणारं इंजिन महिनोन्महिने तसंच चालवलं, तर सायलेन्सरपेक्षा महाग वस्तू आधी जाते.

मेस्त्रीने भावाला दोनच कामं सांगितली. डिपस्टिकवरची, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरची, तेलाची पातळी लिहून ठेवायची, आणि गाडी लांब न्यायची, नव्या रिंगा आहेत म्हणून फार न ताणता. पुणे-सातारा. खंबाटकी चढताना मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते इतका धूर होता. सुरूरच्या पुढे तो विरळ झाला. परतीला चहासाठी थांबलो तेव्हा भावाने पाइपाच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, थोडा ओला झाला, डाग पडला नाही. डिपस्टिक सकाळच्याच खुणेवर होती. मेस्त्रीला दुसरा फोन त्याने तिथूनच केला. तो बराच नरम आवाजात होता.