फुगा बाहेर आला, मग आत काय राहिलं?

शेजारच्या काकांच्या हृदयातली जुनी स्प्रिंग पुन्हा तुंबली. या वेळी डॉक्टरांनी नवी न बसवता औषध लावलेला फुगा मिनिटभर फुगवला आणि काढून घेतला. बिल हातात धरून काका म्हणाले, “अहो, फुगा तर बाहेर आला, मग आत राहिलं काय?” प्रश्न बिनतोड आहे.

स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवल्यावर काही महिन्यांतच तुंबते तेव्हा बहुधा चरबी साठलेली नसते. ती बसवताना फुगवलेल्या फुग्याच्या दाबाने धमनीच्या भिंतीला जखम होते आणि ती भरून काढताना भिंतीतल्या स्नायुपेशी भलत्याच वाढतात. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हापासून हे दुखणं पाठीशी आहे. (व्हॉट्सॲपवरचा लिंबू-आलं-लसणाचा काढा ब्लॉकेज ‘विरघळवतो’ म्हणे. हा मोरीतला तुंबा नव्हे, जिवंत ऊती आहे. ती लिंबाने विरघळायची तर सोबत धमनीही विरघळेल.)

फुग्यावर बहुतेकदा पॅक्लिटॅक्सेल असतं. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलेलं हे कॅन्सरवरचं औषध. पेशी दुभंगताना सूक्ष्मनलिकांची परांची बांधते आणि काम होईल तशी मोडत जाते. पॅक्लिटॅक्सेल ती परांची मोडूच देत नाही, त्यामुळे पेशीचं विभाजन अर्ध्यावर अडकतं.

पण ते मिनिटभरात भिंतीत जातं कसं? मेंदी आठवा. लगदा धुऊन टाकला तरी रंग राहतोच. फक्त मेंदी तासन्‌तास ठेवता येते. इथे फुगा फुगलेला असेपर्यंत त्या धमनीतलं रक्त थांबलेलं असतं, म्हणून हातात ३० ते ६० सेकंदच. त्यात हे औषध तेलकट स्वभावाचं, पाण्यात न विरघळणारं. नुसतं थापलं तर ते फुग्यालाच धरून बसतं. ब्रुनो शेलर आणि उलरिश श्पेक या जर्मन संशोधकांनी त्यात आयोप्रोमाइड मिसळलं. अँजिओग्राफीत धमन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचतात ते हेच द्रव्य! त्याला पाण्याची ओढ. फुगा भिंतीला टेकला की ते ओलाव्यात विरघळतं आणि त्यात गुंतलेलं पॅक्लिटॅक्सेल सुटं होतं. सुटलेल्या औषधाला रक्तापेक्षा भिंत जवळची. शिवाय त्याचे बारीक स्फटिक तिथेच अडकतात आणि पुढे कित्येक दिवस झिरपत राहतात, नेमके पेशी बेफाम वाढण्याच्या दिवसांत. २००६ साली त्यांचा ५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा साध्या फुग्यानंतर ४३ टक्के रुग्णांची स्प्रिंग पुन्हा तुंबली होती, औषधी फुग्यानंतर ५ टक्क्यांची.

आता सिरोलिमस या पेशींची वाढ रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचेही फुगे आहेत. ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूचं देणं. हे औषध भिंतीत तितकं सहज मुरत नाही, म्हणून सुरतच्या एका कंपनीने ते फॉस्फोलिपिडच्या, म्हणजे पेशींच्या आवरणात असतो तशा स्निग्ध पदार्थाच्या, अतिसूक्ष्म वेष्टनात गुंडाळलं.

एक मात्र खरं, हा फुगा वाट मोकळी करायला नसतो. ते काम आधी साध्या फुग्याचं. त्यात भिंत फार चिरली किंवा पुन्हा मिटू लागली, तर स्प्रिंगला पर्याय नाही.

आणि आत राहिलं किती? ३ मिमी व्यासाच्या, २० मिमी लांब फुग्याचा पृष्ठभाग साधारण १९० चौरस मिमी. दर चौरस मिमीला ३ मायक्रोग्रॅम धरले तर एकूण औषध अर्ध्या मिलिग्रॅमहून जरासं जास्त, आणि त्यातलंही बरंचसं रक्ताबरोबर वाहून जातं. हा हिशेब मी काकांना अजून सांगितलेला नाही. बिल ताजं आहे.