टाकीत इथेनॉल, कार्ब्युरेटर जुना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. गाडी मुंबईत बनलेली असली तरी तिचा आराखडा इटलीतला आहे: १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, हवेत पेट्रोल मिसळून देणारा एकच कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्याच कॅमवर चालणारा पडद्याचा पेट्रोलपंप. सांगली-मिरजेच्या परिसरात अशा गाड्या हौसेने सांभाळणारे लोक आजही आहेत, आणि कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या लेथच्या गाळ्यात बुश, स्पेसर, शाफ्ट हवे तसे बनवून मिळत असल्याने त्यांची हौस टिकूनही राहते. मात्र ज्या इंधनासाठी ही इंजिने आखली गेली, ते इंधन आता पंपावर मिळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. सांगलीपासून कराडपर्यंत कृष्णाकाठी उभ्या असलेल्या उसाचाच एक अंश मळीच्या वाटेने त्या टाकीत पोहोचतो. त्यामुळे जुन्या युरोपीय गाडीत घरच्या घरी काही बदल करायचा असेल, तर अलॉय व्हील किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवण्याआधी इंधनाच्या वाटेकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनसारखे असते, तर दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी असते. पहिल्या टोकामुळे ते पेट्रोलमध्ये सहज मिसळते आणि दुसऱ्या टोकामुळे पाण्याला धरून ठेवते. ही पाण्याची ओढ किती चिवट आहे, हे कारखान्याच्या आसवनीतच दिसते. मळी किंवा उसाचा रस आंबवून त्याचे कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले, तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढण्यासाठी त्याची वाफ झिओलाइटच्या बारीक खड्यांतून नेतात. या खड्यांची छिद्रे पाण्याचा रेणू आत शिरेल पण इथेनॉलचा शिरणार नाही, इतक्या मोजक्या मापाची असतात. एवढ्या खटाटोपाने कोरडे केलेले इथेनॉल पुढे आपल्या टाकीत येते आणि संधी मिळेल तेथे पुन्हा पाणी शोषू लागते.

जुन्या गाडीच्या टाकीचे झाकण हवाबंद नसते. दिवसा टाकी तापली की आतली वाफ बाहेर पडते आणि रात्री निवली की पावसाळ्याची दमट हवा आत येते. तरीही हवेतल्या दमटपणाला जरा जास्तच दोष दिला जातो, असे मला वाटते. दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणात १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकते आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा आणखी वर जाते. ३० लिटर पेट्रोलसाठी अर्धा टक्का म्हणजे दीडशे मिलीलिटर पाणी झाले, आणि नुसत्या श्वासोच्छ्वासाने एवढे पाणी टाकीत जमायला फार काळ लागतो. उलट, पूर्वी टाकीच्या तळाशी बसून पत्रा गंजवणारे दोन-चार थेंब आता पेट्रोलबरोबर जळून जातात, ही इथेनॉलच्या बाजूची गोष्टही मान्य केली पाहिजे. खरे पाणी शिरते ते झाकणाच्या कुजलेल्या वायसरमधून, गाडी धुताना किंवा पावसात उघड्यावर उभी असताना, आणि २०१९ व २०२१ सारख्या महापुरात गाडी बुडाली तर एकदमच. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जाते, दोघांचा मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच उघडते. वेगळा झालेला थर पुन्हा मिसळून देणारे औषध म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. टाकी रिकामी करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

आपल्या टाकीत इथेनॉल किती आहे, हे घरी पाहता येते. खुणा असलेल्या काचेच्या उंच भांड्यात ५० मिलीलिटर पाणी आणि ५० मिलीलिटर पेट्रोल घेऊन, तोंड बंद करून ते हलक्या हाताने उलटसुलट करावे, मधूनमधून बूच सैल करून आतली वाफ जाऊ द्यावी आणि मग भांडे दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरल्यामुळे खालचा थर फुगतो. वीस टक्क्यांचे पेट्रोल असेल तर ५० च्या खुणेवर असलेली दोन थरांमधली रेघ ६० च्या किंचित खाली येऊन थांबते. हा प्रयोग उघड्या अंगणात, स्वयंपाकघरापासून आणि बिडी-सिगारेटपासून दूर करायचा आहे, कारण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी असते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. याच कारणासाठी रिकाम्या टाकीला झाळ लावण्याचे काम घरी कधीही करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ दोन्ही असतात.

सगळ्यात आधी बिघडते ते रबर. गाडीतून काढलेल्या जुन्या पेट्रोलपाइपचा तुकडा ब्लेडने उभा चिरून पाहिला, तर बाहेरून बारीक भेगा आणि आतून मऊ, चिकट पृष्ठभाग दिसतो, आणि आत बोट फिरवले की ते काळे होते. इथेनॉलचा छोटा रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना फुगवतो आणि रबर लवचिक ठेवण्यासाठी घातलेली द्रव्ये हळूहळू धुऊन नेतो. रोज चालणाऱ्या गाडीत पाइप फुगलेल्याच अवस्थेत राहतो. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीत मात्र तो कोरडा पडून आकसतो, पुन्हा पेट्रोल आले की फुगतो, आणि या आलटापालटीत त्याला तडे जातात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला निमंत्रण असल्याने येथे काटकसर करू नये. बाजारात ‘व्हायटन’ या नावाने ओळखले जाणारे फ्लोरिनयुक्त रबर आतल्या थरात असलेला पाइप घ्यावा. चांगल्या पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असा ठसा असतो, आणि ठसा नसलेला पाइप दुकानदाराने कितीही छातीठोकपणे दिला तरी तो परत करावा. कार्बन-फ्लोरिनचा बंध रबराच्या साखळीला इथेनॉलपासून वाचवतो, हे या पाइपच्या किमतीमागचे रसायनशास्त्र आहे.

पाइपबरोबर पंपाचा पडदाही बदलावा. यांत्रिक पंपाच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे ऑइल असते. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक बाहेर काढल्यावर ऑइलची पातळी खुणेच्या वर दिसत असेल, ऑइल पातळ वाटत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. टाकीतल्या फ्लोटजवळचे कॉर्कचे पॅकिंग, कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी नीडल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या भागांवर येणारी पांढरी भुकटी यांवरही नजर ठेवावी. इथेनॉल चांगले द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि गंज ते सैल करते. त्यामुळे नवे पेट्रोल सुरू केल्यावर पहिल्या काही टाक्यांना फिल्टर चोंदतो. मेकॅनिक पुष्कळदा याच वेळी कार्ब्युरेटरला दोष देऊन तो उघडून बसतो.

आता हवा आणि इंधन यांच्या मिश्रणाकडे वळू. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलोला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी हा आकडा सुमारे १३.५ येतो. कार्ब्युरेटरला यातले काहीच कळत नाही. तो जेटच्या, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, भोकाच्या मापाने पूर्वीइतकेच इंधन सोडतो, आणि इंजिनाला मिश्रण जवळपास आठ टक्के पातळ, म्हणजे इंधन कमी पडलेले, मिळते. गाडी थंड असताना मिसिंग होणे, पिकअप घेताना अडखळणे, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागणे ही त्याची लक्षणे आहेत.

सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा मुख्य जेट १२० चा, म्हणजे १.२० मिलिमीटरचा आहे. इंधनाचा प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने १२५ चा जेट बसवला की प्रवाह १.२५ आणि १.२० यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे साडेआठ टक्के वाढतो. व्यासातला केस भरायलाही न पुरणारा हा पाच शतांशांचा फरक इथेनॉलची तूट नेमकी भरून काढतो. जुना जेट सुईने किंवा ड्रिलने रुंद करण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तिने भोक लांबट होते, कडा फाटते आणि मापाचा काही भरवसा उरत नाही.

येथे भूगोलही हिशेबात येतो, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. प्रमाणित वातावरण धरले तर महाबळेश्वरला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा जवळपास बारा टक्के कमी असते. कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या विरळ हवेचे वस्तुमान घटते, पण इंधन त्याच प्रमाणात घटत नाही, आणि मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने साधारण सहा-साडेसहा टक्के जाड होते. म्हणजे समुद्रसपाटीच्या मुंबईसाठी जुळवलेली फियाट नव्या पेट्रोलवर पसरणीचा घाट चढून वर पोहोचली, की उंचीमुळे आलेला जाडपणा इथेनॉलमुळे आलेल्या पातळपणाला जवळजवळ खोडून काढतो. सांगलीत हा उंचीचा फायदा अडीच टक्क्यांच्या आसपासच असतो. त्यामुळे सांगलीच्या माणसाने १२५ चा जेट बसवून वारंवार महाबळेश्वर गाठायचे ठरवले, तर वर गाडी थोडी काळा धूर सोडेल. ज्याचे येणेजाणे मुख्यतः घाटावर आहे त्याने मधला, १२२.५ चा जेट वापरून पाहावा.

अंदाजापेक्षा मोजमाप केव्हाही बरे. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपवर लेथवाल्याकडून आट्यांचा बुश बसवून घेतला, तर त्यात ऑक्सिजन सेन्सर लावता येतो. बॉशने असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बाजारात आणला. त्यातला झिर्कोनियाचा कोष तीनशे अंशांच्या वर तापला की मिश्रण पातळ असताना सुमारे ०.१ व्होल्ट आणि जाड असताना सुमारे ०.९ व्होल्ट देतो, आणि साध्या मल्टिमीटरवरही ते वाचता येते. सेन्सर मुळात उरलेला ऑक्सिजन ओळखतो, इंधनाचे नाव ओळखत नाही. म्हणून महागड्या मीटरवर १४.७ हा आकडा दिसला, तरी वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर खरे गुणोत्तर १३.५ असते, आणि तेच बरोबर असते.

मिश्रण कितीही नीट जुळवले, तरी ॲव्हरेज पूर्ववत होत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के घट ठरलेलीच आहे. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी अकराच्या थोडे वर देईल. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे ठोका न देता दाब सोसण्याची इंधनाची क्षमता, वाढल्याचा लाभ कमी दाबाच्या जुन्या इंजिनाला फारसा घेता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशी ओलांडतो आणि वेगळेच दुखणे सुरू होते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि थोड्या प्रमाणात मिसळलेले इथेनॉल त्यांचे बाष्पीभवन आणखी सोपे करते. इंजिनाला चिकटलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीत दाब कमी होतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ ओढत बसलेला पंप कार्ब्युरेटरला काहीच पोहोचवत नाही. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बेकलाइटचा जाड स्पेसर घालणे आणि पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणे हे स्वस्त उपाय आहेत. त्याने भागले नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवावा, म्हणजे पेट्रोल ओढले न जाता ढकलले जाते. त्याचा दाब चौरस इंचाला तीन पौंडांच्या आसपास असावा, कारण इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची नीडल तो दाब पेलू शकत नाही आणि पेट्रोल वाहू लागते. शिवाय इंजिन थांबले की पंपही थांबेल, अशी ऑइलच्या दाबावर चालणारी स्विचची जोडणी करणे आवश्यकच आहे.

ओपेल ॲस्ट्रा, फियाट पालिओ किंवा जुनी श्कोडा ऑक्टाव्हिया यांसारख्या इंजेक्शनच्या गाड्यांत मिश्रणाची चिंता बरीच कमी असते, कारण संगणक सेन्सरकडे पाहून इंधन वाढवतो आणि बहुतेक गाड्यांत त्याला वीस टक्क्यांपर्यंत सुधारणेची मुभा असते. स्कॅनर लावला तर हा आकडा आठ-दहाच्या आसपास दिसतो. तो पंधरा-वीसवर गेला असेल तर दोष इथेनॉलचा नाही, कुठेतरी हवा गळते आहे किंवा पंप थकला आहे. रबराचे नियम मात्र या गाड्यांनाही तेच लागू होतात, आणि येथे पाइपमधला दाब कित्येक पटींनी जास्त असतो.

पाइप, जेट किंवा स्पेसर बदलण्याला मोटार वाहन कायद्याचा अडसर नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल, उदाहरणार्थ परवानगीविना वेगळे इंजिन किंवा वेगळी चासी, करता येत नाही. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. तेव्हा काढलेला १२० चा जेट, मूळ पंप आणि त्याच्या पितळी नळ्या पुसून, ऑइल लावून, नावाच्या चिठ्ठीसह डब्यात ठेवाव्यात, म्हणजे तपासणीच्या वेळी अर्ध्या दिवसात गाडी पूर्ववत करता येते.